उघाडीचे बोल्ट

कुणाच्याही घरी गेलो की मी आधी बिजागऱ्या बघतो. पाणी येतं, चहा येतो, यजमान मुलाच्या नोकरीचं सांगायला लागतात, आणि माझे डोळे त्यांच्या खिडकीच्या स्क्रूवर. "अहो, माणसांकडे बघा जरा," म्हणून बायको कोपराने ढोसते. एकदा तर पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो असताना मी मुलीच्या वडिलांना म्हणालो, "गेटचे बोल्ट बदलून घ्या, पुढचा पावसाळा काढायचे नाहीत." सोयरीक जमली म्हणून बरं. पण परतताना बायको पेणच्या स्टँडपर्यंत माझ्याशी चकार शब्द बोलली नाही.

काय करणार? जन्म सगळा त्यातच गेला. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत नट, बोल्ट, स्क्रू, वॉशर यांच्यावर जस्ताचा मुलामा चढवणारी एक कंपनी होती. वरसे गावातल्या भाड्याच्या खोलीतून सायकल मारत मी तिथे जायला लागलो तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं, आणि बाहेर पडलो तेव्हा मिशी पिकली होती. दिवाळी अंकवाल्यांनी "धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा" असं सांगितलंय. एक-दोन गमतीचे सांगतो. मग जे सांगायचंच आहे ते सांगतो. त्यात गंमत नाही.

आधी धंदा समजून घ्या. उघड्यावरच्या लोखंडाचं वाटोळं करायला पाऊस आणि हवा पुरेशी असते. आमच्याकडे त्यात खाडीचं मीठ. पेणहून धरमतरच्या बाजूला निघालात की वारा ओठाला खारट लागतो, तो लोखंडाला सोडतोय होय? म्हणून लोखंडाला जस्ताचा अंगरखा घालायचा. बोल्ट आधी ॲसिडच्या टाकीत टाकून तेल, गंज, सगळं काढून नागवा करायचा, धुवायचा, जाळीच्या टोपलीत भरायचा आणि वितळलेल्या जस्तात बुडवायचा. टोपली वर आली की लगेच गरगरा फिरवायची, म्हणजे आट्यांमध्ये साचलेलं जास्तीचं जस्त उडून जातं. फिरवायला जरा उशीर झाला की आटे बुजतात, नट चढत नाही, आणि सगळा घाणा परत ॲसिडात. त्या टाकीसमोर उन्हाळ्यात उभं राहायचं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

दुसरी तऱ्हा विजेच्या टाकीतल्या प्लेटिंगची. ती पातळ, चकचकीत, दिसायला छान. घरातल्या कपाटाला ठीक, खाडीवर उपयोगाची नाही.

जस्ताची एक गोष्ट मला फार आवडायची. ते लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. कुठे ओरखडा पडून लोखंड जरासं उघडं पडलं, तरी शेजारचं जस्त आपण खपतं आणि लोखंडाला सांभाळतं. नव्याने कामाला लागलेल्यांना मी सांगायचो, घरातली थोरली बहीण असते ना, तसं आहे हे. आणि दुसरी गोष्ट, ही नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ताजं जस्त चांदीसारखं चमकतं. चार-सहा महिने उघड्यावर राहिलं की ती चमक जाते आणि वर मळकट, राखाडी थर धरतो. लोकांना वाटतं माल खराब झाला. अहो, तो थरच खरं चिलखत! तो धरला की आतलं जस्त झिजायचं जवळजवळ थांबतं. तो थर खरवडला की जस्ताला पुन्हा स्वतःतलं थोडं खर्चून नवा थर बनवावा लागतो. असं किती वेळा करणार? जस्त काय, आपल्या केसाइतकंसुद्धा जाड नसतं.

मी तपासणीवर होतो. मुलाम्याची जाडी मोजायची, आणि नमुने मिठाच्या धुक्याच्या पेटीत टांगून ठेवायचे. त्या पेटीत खारं पाणी फवारत राहायचं आणि माल किती तग धरतो ते बघायचं. म्हणजे आमची खाडीच पेटीत कोंडलेली. गंमत अशी, की आजूबाजूला मिठागरं पसरलेली असताना त्या पेटीसाठी शुद्ध मीठ बाहेरून, बरणीत भरून यायचं. बाय एकदा म्हणाली होती, "आमचं मीठ चालत नाय काय रं तुमच्या साहेबांना?" बाय म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्याकडे येतोच.

गिऱ्हाइकं एकेक नग. एका शाळेच्या पत्र्याचे स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात तांबडे झाले म्हणून तक्रार आली. मी गेलो, शिडीवर चढलो, बघतो तर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर हातोड्याचे घाव. सुताराने अर्धा स्क्रू ठोकून आत घातला होता आणि शेवटचे दोन वेढे तेवढे पिळले होते. मुलाम्याच्या ठिकऱ्या उडालेल्या. सुताराला विचारलं तर म्हणाला, "मग? सगळा पिळत बसलो तर उद्या सकाळ होईल." आता बोला!

आणि पेणचे एक गणपतीचे कारखानदार होते, गोड माणूस. आमच्याकडे गणपतीसाठी घरोघरचे पाट कारखान्यात येतात, त्याच पाटावर मूर्ती बसवतात. पाट विसर्जनाला पाण्यात बुडतो, घरी परत येतो, पुढच्या वर्षी परत कारखान्यात. असे पिढ्यान्‌पिढ्यांचे पाट. त्यांचे स्क्रू गंजून पाटावर डाग पडायचे आणि ओल्या मूर्तीच्या बुडाला लागायचे. मी त्यांना आमचे, थर धरून राखाडी झालेले स्क्रू दिले. त्यांनी तळहातावर घेऊन बघितले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना शिळा भात वाढलाय. "अहो सदाभाऊ, बाप्पाच्या पाटाला हे? चकचकीत द्या हो." म्हटलं, चकचकीत टिकणार नाहीत. "टिकण्याचं पुढच्या वर्षी बघू. यंदा गिऱ्हाईक बघतं ते चमक बघतं." चकचकीत घेऊन गेले. दरवर्षी गंजायचे, दरवर्षी न्यायचे, आणि दरवर्षी मला पेढे द्यायचे.

तेव्हा मी हसायचो. चमकेच्या या वेडाची झळ एक दिवस माझ्याच घराला लागेल असं डोक्यातही आलं नव्हतं.

आमचं मूळ घर जिते गावाजवळ. गोड्या पाण्याची भातशेती, वाल, तूर. बाय माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. आई शेतात असायची, मला वाढवलं बायनेच. तिचं नाव चंद्रभागा. तिला धरमतरच्या खाडीकाठी एका खारीच्या गावात दिली. खार म्हणजे खाडीला बांध घालून मागे राखलेली जमीन. बांधाच्या एका बाजूला भरतीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भात. मध्ये मातीचा बांध आणि त्या बांधात उघाडी.

उघाडी न बघितलेल्यांना सांगतो. बांधाखालून दगडी मोरी काढलेली असते आणि तिच्या तोंडावर जाड फळ्यांचं दार वरून टांगलेलं असतं. भरती आली की खाडीचं पाणीच दाराला दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही. पण ते दार निखळलं तर खाडी सरळ भातात. सगळ्या गावाचं वर्षभराचं पोट त्या एका दारावर, आणि दाराच्या फळ्या लोखंडी पट्ट्यांना धरून ठेवणारे ते बोल्ट.

बायच्या सासरी या उघाडीचा मान होता. नारळी पौर्णिमेला पहाटेच्या ओहोटीला त्या घरच्या सुनेने खाली उतरायचं, दाराला लागलेलं शेवाळ, कालवं खरवडून काढायची, पट्ट्या-बोल्ट घासून हळदकुंकू लावायचं. मग दुपारी भरती भरली की गाव वाजत-गाजत यायचं आणि पहिला नारळ तिथे पाण्यात सोडायचं. सासू गेल्यावर मान बायकडे आला. तेव्हाचे बोल्ट साधे, काळे. नारळाच्या सोडणाने त्यांचा गंज घासायचा आणि वर खोबरेल चोपडायचं, अशी रीत. साध्या लोखंडाला ती चांगलीच होती. तरी खाडीपुढे काय टिकतंय? दर दोन-तीन वर्षांनी गावकी बसायची आणि बोल्ट बदलायची.

एका वर्षी उघाडीला नवं दार करायचं ठरलं. बाय मला म्हणाली, "सदा, तू येवढा कंपनीत हायस, आमच्या उघाडीला काय करशील का नाय?"

मी आमच्या प्लांटमधून बोल्ट आणि पट्ट्या नेल्या, रीतसर, साहेबांना सांगून. एकेक नग स्वतः मोजला, स्वतः बघितला. एवढ्या निगुतीने मी घरच्या पूजेची भांडीही मांडली नसतील. दाजी, म्हणजे बायचे यजमान, आणि गावकीचे म्होरके जोमा पाटील दार बसवायला होते. बोल्ट उन्हात असे झळकत होते की पोरंटोरं हात लावून बघत होती. जोमा पाटलांनी विचारलं, "किती वर्सं?" मी छाती काढून म्हणालो, "दहा-बारा वर्षं बघायला नको." बाय बांधावर उभी होती. शेजारणीला म्हणाली, "माझ्या भावानं केलंय गो. चांदीचं हाय जसं काय."

तिचं ते तोंड मला अजून दिसतं.

पुढे दर नारळी पौर्णिमेला मी तिच्याकडे राखीला जायचो. त्या दिवसापुरती रात्रपाळी मागून घ्यायची, सकाळची एस्टी धरायची, पोचेपर्यंत भरती भरत आलेली. दार पाण्याखाली. नारळ सोडायचा, बायच्या हातचा नारळीभात आणि कोलंबीचं कालवण, दोन्ही एकाच ताटात, असं जेवायचं, आणि ओहोटीला दार उघडं पडायच्या आत परतीची गाडी. "कसे आहेत बोल्ट?" मी विचारायचो. "झकास!" दाजी म्हणायचे. बाय म्हणायची, "आरं, बघ येऊन एकदा. आरशासारखे हायत." मला वाटायचं, कौतुकाने बोलतेय. बहिणी बोलतातच.

पाच-सहा वर्षं गेली असतील. सर्वपित्री अमावास्येचं उधाण होतं, वरून पाऊस, भात पोटरीला आलेलं. दुपारच्या भरतीला दाराच्या मधल्या पट्ट्या सुटल्या, दोन फळ्या वाहून गेल्या आणि खाडी आत शिरली. गावाने माती, पेंढा, गोणी, घरातली दारंसुद्धा काढून टाकली. मोरी बुजेपर्यंत दोन-तीन भरत्या येऊन गेल्या होत्या. मला कळलं आणि मी गेलो तेव्हा पाणी ओसरलं होतं. हिरवंगार भात उभं होतं, पण मुळाशी पांढरट खारं पाणी. दाजी बांधावर उकिडवे बसले होते. "बघ, अजून उभं हाय," ते म्हणाले. "चार दिवसांनी बसंल."

मी चिखलात उतरलो. एक बोल्ट सापडला, पुसून बघितला. त्याचं डोकं आणि नटाकडचं टोक तांबडं, कुरतडलेलं, आटे पार गेलेले. पण मधला दांडा, जो फळीच्या आत होता, तो तसाच राखाडी, धड. मी चक्रावलो. उघड्या भागाला जास्त सोसावं लागतं हे मान्य, पण एवढा फरक? एकाच बोल्टाचं मधलं अंग शाबूत आणि दोन्ही टोकं खलास? माझा माल खोटा असता तर दांडाही गेला असता. बोल्ट मी खिशात टाकला.

संध्याकाळी देवळापुढे गावकी बसली. जोमा पाटील आरडाओरडा करणारे नव्हते, ते हळू बोलले आणि तेच जास्त लागलं. "सदाभाऊ, तुमी दहा-बारा वर्सं बोलला व्हता. आमचे काले बोल्ट बरे व्हते. गंज दिसायचा तरी, बदलायचं कधी ते कलायचं. ह्ये तर मागच्या महिन्यापर्यंत चमकत व्हते!"

चमकत होते?  पाच वर्षं खाडीत राहिलेलं जस्त चमकेल कसं?

तेवढ्यात बायकांमधून बाय उठली. गावकीत बायका सहसा बोलत नसत, ती पदर खोचून पुढेच आली. "माझ्या भावाच्या मालाला नावं ठेवू नका! दर सणाला मी सोता घासलेत ते. चिंच लावून, वाळू लावून, देवाच्या समईसारखे लख्ख केलेत. काळं पडू दिलं नाय येक वर्सं. खोटा माल आसता तर आसा चमकला आसता? सांग रं सदा! सांग त्यांना!"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. माझा हात खिशात, त्या बोल्टावर.

मला त्या क्षणी सगळं उलगडलं. वर्षभरात ते चिलखत धरायचं, आणि दर नारळी पौर्णिमेला माझी बहीण चिंचेच्या आंबटाने आणि वाळूने ते उतरवायची. जस्त बिचारं नवं धरायचं, ती परत उतरवायची. भावाची वस्तू मळकट दिसू नये म्हणून. सोडण आणि खोबरेल काळ्या बोल्टांना होतं. चांदीच्या बोल्टांना तिने चांदीसारखं वागवलं. फळीच्या आत तिचा हात पोचत नव्हता, तेवढाच भाग वाचला.

"सांग ना रं," बाय म्हणाली.

काय सांगू? बोल्ट वर काढून दाखवला असता तर माझी अब्रू राहिली असती, कंपनीची राहिली असती. आणि सगळ्या गावाचं भात बायच्या डोक्यावर बसलं असतं. उद्यापासून पाणवठ्यावर तिला काय काय ऐकावं लागलं असतं ते मला दिसत होतं. मी म्हणालो, "माल कच्चा निघाला. मुलामा नीट धरला नव्हता. आमचीच चूक."

 जोमा पाटील मान खाली घालून बसले. बाय माझ्याकडे बघत राहिली. मग पदर सोडला आणि निघून गेली. मी जेवायला गेलो नाही आणि तिनेही बोलावलं नाही.

खाडीवर बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. जेट्टीवर बार्जवाले होते, ते आमच्याकडून बोल्ट न्यायचे, त्यांनी बंद केलं. मॅनेजरांनी बोलावून विचारलं, "तुम्ही स्वतः गावासमोर म्हणालात, माल कच्चा?" म्हटलं, हो. "होता का?" मी त्यांच्या टेबलाचे स्क्रू बघत राहिलो. तपासणीवरून उचलून मला पॅकिंगला टाकलं. पुढची सगळी वर्षं मी दुसऱ्याने पास केलेला माल खोक्यांत भरला. रागही यायचा. कुणावर काढणार?

उघाडीला नवं दार बसलं तेव्हा मी पुन्हा बोल्ट घेऊन गेलो. गावकीला नको होते, दाजींनी गळ घातली म्हणून घेतले. बसवून झाल्यावर मी डबा आणि ब्रश काढला आणि एकूण एक बोल्टाला, पट्टीला डांबर फासलं. "आता याला घासायचं-पुसायचं काही नाही," एवढंच बोललो. बाय बांधावर होती. डबा रिकामा होईपर्यंत माझा ब्रश बघत होती, मग घरी गेली. त्या वर्षीपासून तिने राखी पोस्टाने पाठवायला सुरुवात केली, आणि पुढे तीही थांबली.

ते बोल्ट टिकले. अजून आहेत. दार आहे, मोरी आहे, डांबराखाली बोल्ट धड आहेत. फक्त आत शेत नाही. खारवलेल्या जमिनीत दोन वर्षं भात नीट झालं नाही, तेवढ्यात तरणी माणसं कंपन्यांत लागली, बांधाला माती घालायला हात उरले नाहीत, पुढे बांध दुसरीकडेच फुटला. आता तिथे खारफुटीची तिवरं आहेत, माणसाच्या डोक्यावर गेलेली. जोमा पाटील गेले, दाजी गेले. बाय लेकीकडे पेणला आली, मीही नोकरी संपल्यावर पेणलाच होतो. एकाच गावात राहून आम्ही लग्नाकार्यात समोरासमोर आलो की "बरा हायस ना?" "बरा आहे," यापुढे जात नव्हतो.

गेल्या श्रावणात भाची म्हणाली, "मामा, आईला बरं नसतं. येऊन जा." गेलो. बाय मागच्या पडवीत खाटेवर बसलेली, हातपाय काडीसारखे. नात तिथेच मोरीत पत्र्याची बादली घासत होती, जुनी, जस्ताची, राखाडी झालेली. तिने चिंचेचा गोळा घेतला होता. मी बघितलं आणि माझ्या तोंडून काही निघायच्या आत बाय ओरडली, "चिंच नको लावू गो त्याला! पाण्यानं धू नुसतं. वरचं काळं हाय तवर ती बादली हाय."

मी जागच्या जागी बसलो. "बाय, तुला... कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. तू सांगायचं व्हतं, तू नाय सांगितलंस." खोकून घेतलं तिने. "डांबर फासलंस ना, तवाच मना कळलं. चांगल्या बोल्टाला डांबर कोण फासतो? माझ्या हातापासून वाचवायला फासलंस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाय बोललास?"

म्हटलं, "तुझ्यावर आलं असतं सगळं."

"यिऊ दे ना!" एवढ्याशा देहातून तो आवाज कुठून आला कोण जाणे. नात बादली टाकून बघायला लागली. "माझा मान व्हता त्या उघाडीचा. माझी चूक व्हती, तर ती मी सांगितली आसती. गाव दोन दिवस बोललं आसतं, चार दिवस बोललं आसतं. बायांना मी सोता सांगितलं आसतं, गो, चिंच लावू नका. तू मना काय समजलास? ल्हान पोर? मी तुला खांद्यावर वाढवला आणि तू माझ्या वाट्याचं बोलून मोकळा झालास."

 इतकी वर्षं मी मनात स्वतःला थोर समजत होतो, खोटं कशाला बोलू? बहिणीसाठी अब्रू टाकली, तरी बहिणीने तोंड फिरवलं, असा एक कढ मी पॅकिंगच्या टेबलावर बसून पोसला होता. तिचा राग कशाचा आहे हे एकदाही विचारलं नाही.

"आता सांग की गावाला," मी शेवटी कसंबसं म्हणालो.

"कुणाला सांगू? जोमादादा हाय? तुझे दाजी हायत? तिवरांना सांगू?" ती रडली नाही, रडलो मीच. तिने पदर पुढे केला, लहानपणी नाक पुसायला करायची तसा. आणि म्हणाली, "ही पोर सांगते, तू त्या दिवाळीच्या पुस्तकात लिवतोस म्हून. व्हय?"

म्हटलं, कधीतरी.

"मंग लिव. माझं नाव घालून लिव. आणि मना वाचून दाखीव."

अंक आला की नात तिला वाचून दाखवणार आहे. बायची प्रकृती तेवढे दिवस काढो, एवढंच मागणं. ती कान देऊन ऐकणार, तेव्हा एक शब्द इकडचा तिकडे करायची सोय नाही. म्हणून तिने सांगितलं तसंच लिहितो.

उघाडीचे बोल्ट चांगले होते. माल कच्चा नव्हता, मी गावकीसमोर खोटं बोललो. ते बोल्ट माझी थोरली बहीण चंद्रभागा हिने दर नारळी पौर्णिमेला चिंच आणि वाळू लावून घासले, म्हणून ते गेले. चूक तिची होती आणि ती तिला मान्य आहे.

ते माझे होते म्हणून घासले, हे वाक्य तिने सांगितलेलं नाही. ते मी माझ्या पदरचं घातलंय. वाचून झाल्यावर तिला ओरडायचं असेल तर ओरडू दे, मी समोरच बसलेला असेन.